युद्धाच्या वर्षीची परीक्षा

चैत्र लागला की आमच्या शाळेत बाकांवर खडूने नंबर टाकायचे दिवस येतात. पट्टेवाला सुट्टीवर असेल तर ते काम आम्हीच करतो. एका बाकावर दोन मुलं, मध्ये हातभर अंतर. अंगणातल्या कडुनिंबाला मोहोर आलेला असतो आणि व्हरांड्यात त्याचा बारीक सडा पडतो, झाडावा तेवढा पुन्हा पडतो. गोंदाची बाटली, सुतळी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, शिक्क्याची जांभळी शाई. दुपारी वारा पश्चिमेकडून सुटला की पांडेसऱ्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचा वास वर्गात येतो. आंबट, ओल्या कपड्यांसारखा आणि थोडा जळकटही. नवीन माणसाला त्या वासाने मळमळतं. आमच्या नवागाम-डिंडोलीच्या लोकांना तो आला की बरं वाटतं, कारण वास आहे म्हणजे मिल चालू आहे.

यंदा वास आहे. कालही नंबर टाकताना तो येत होता. गेल्या वर्षी याच दिवसांत तो नव्हता. हवा इतकी स्वच्छ होती की मोहोराचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. मी सुरतेत जन्मले, वाढले, पण त्या आधी मला कडुनिंबाच्या मोहोराला वास असतो हे धड माहीत नव्हतं. तो सुगंध आला की आजही मी खिडकी लावून घेते.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत समाजविद्या शिकवते. आमची मुलं खानदेशातून आलेल्या कामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती आणि माझ्यासमोर पुस्तकातली मराठी. मीही अशाच घरातली. माझे वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आले होते. मी पाचवीत असताना आखातात लढाई लागली. वडील रेडिओ कानाला लावून ऐकायचे, म्हणायचे, अमेरिकेनं विमानं सोडली. आणि आई माझ्या हातात रॉकेलचा डबा देऊन रांगेत उभं करायची. डब्याला सुतळी बांधलेली असे, ती बोटात रुतायची. रांगेत माझ्यापुढे नेहमी मोठी माणसं असायची आणि माझा नंबर येईपर्यंत टाकी खाली झालेली असायची. लढाई म्हणजे नेमकं काय ते मला कळत नव्हतं. ती रॉकेल पिते, एवढं कळलं होतं.

पुढे बी.एड.ला असताना अमेरिका पुन्हा तिथेच लढायला गेली. आमच्या वर्गात त्यावर वादविवाद झाला. मी लढाईच्या विरोधात बोलले, खूप टाळ्या पडल्या, मला पहिलं बक्षीस मिळालं. लढाई मात्र वर्षानुवर्षं चालूच राहिली. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलगा शिकायला बडोद्याला गेला, आणि गेल्या वर्षी होळीच्या आसपास पुन्हा बातमी आली की आखातात अमेरिकेने बॉम्ब टाकले.

त्या वेळी मी नववीला राज्यघटना शिकवत होते. आपली घटना सांगताना मी नेहमी दुसऱ्या देशांचा दाखला देते. फळ्यावर लिहिलं होतं की अमेरिकेत अध्यक्ष सैन्याचा प्रमुख असतो, पण युद्ध जाहीर करण्याचा अधिकार कायदेमंडळाचा. ज्यांनी ती घटना लिहिली त्यांनी राजे पाहिले होते, एका माणसाच्या हाती तलवार दिली की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, असं मी समजावून सांगितलं. हा भाग मला आवडतो. मी तो मनापासून शिकवते.

दुसऱ्या बाकावरची हर्षाली उभी राहिली. शिडशिडीत, सावळी, दोन घट्ट वेण्या. तिचे वडील भटूदादा पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये स्टेंटरवर होते. रंगवलेलं कापड ज्या लांबलचक गरम यंत्रातून वाळून सरळ होऊन निघतं, त्याला स्टेंटर म्हणतात. ते गॅसवर चालतं. हर्षाली वर्गात फार बोलायची नाही. त्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, मग या वेळी त्यांनी कायदेमंडळाला विचारलं का?"

मी म्हणाले, बहुधा नाही.

"मग ते चालतं कसं?"

मी काहीतरी सांगितलं. अध्यक्ष त्याला युद्ध म्हणत नाहीत, कारवाई म्हणतात. पूर्वीच्या अध्यक्षांनीही असंच केलंय. कायदेमंडळात लोक बोलतात, ठराव मांडतात, पण तोवर विमानं जाऊन आलेली असतात. ती ऐकत उभी होती. मला माझंच बोलणं पोकळ वाटायला लागलं. मी तिला बसायला सांगितलं.

शिक्षकांच्या खोलीत हे मी जगताप सरांना सांगितलं. ते गणित शिकवतात, सरळ माणूस, मुलांसाठी जीव टाकणारा. ते म्हणाले की पोरीचा प्रश्न बरोबर आहे, पण जगात काम उरकायला एकच माणूस लागतो, दहा जणांना विचारत बसलं की काही होत नाही. त्यांच्या मोबाइलवर तो अध्यक्ष सही करताना दिसत होता. कागद उलटा करून कॅमेऱ्याला दाखवत होता. सर कौतुकाने बघत होते.

ते एकटे नव्हते. त्याच आठवड्यात पालकसभेला भटूदादा आले होते. पन्नाशीच्या अलीकडचा माणूस, रंगाने नखं कायमची निळसर झालेली. लेकीच्या अभ्यासाचं बोलून झाल्यावर त्यांनी लढाईचा विषय काढला आणि डोळे चमकवत म्हणाले, "तो कोणले इचारत नही, मॅडम. आपलालेबी असाच माणूस जोयजे." कुणालाही न विचारणारा माणूस आपल्यालाही हवा, असं त्यांना वाटत होतं. मिलमध्ये बाथरूमला जायलाही ज्यांना सुपरवायझरला विचारावं लागतं, ते हे म्हणत होते. मी हसले आणि विषय बदलला. पालकसभेत वाद कशाला घालायचा, असं मनात म्हणाले. आता वाटतं, मी आयुष्यभर ज्या विषयाची शिक्षिका आहे तो बोलायची वेळ आली तेव्हा मी हसून विषय बदलला.

सराव परीक्षेत कायदेमंडळाच्या अधिकारांवर प्रश्न होता. हर्षालीने पुस्तकातलं उत्तर मुद्देसूद लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली : हे असं लिहिलेलं आहे, पण असं होत नाही. मी ती ओळ लाल पेनाने खोडली. वार्षिक परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळेचे शिक्षक तपासतात, त्यांनी गुण कापले असते. तिला बोलावून मी सांगितलं की पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं. ती हो म्हणाली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मग गॅस आटायला लागला.

आधी मिलची रात्रपाळी बंद झाली, मग आठवड्यातले दोन दिवस, मग चार. लढाईमुळे गॅसची जहाजं आखातात अडकली आहेत, गॅस येत नाही, असं सगळे सांगत होते. एक दिवस दुपारी मी फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मुलंही खिडकीकडे बघत होती. वास गेला होता. चिमण्यांचे धूर थांबले होते. खाडीचं पाणी कधी लाल, कधी हिरवं वाहायचं, ते राखाडी झालं.

घरचा गॅसही संपत गेला. आमच्या फ्लॅटला पाइपचा गॅस आहे, तो कसाबसा चालू राहिला. नवागामच्या खोल्यांमधून मात्र लहान बाटले असतात, सिलिंडरला इथे सगळे बाटलाच म्हणतात, आणि ते दुकानातून भरून आणावे लागतात. दुकानांवर रांगा लागल्या. भटूदादा पहाटेपासून बाटला घेऊन उभे राहायचे. एक दिवस रांगेत दोन प्रांतांची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. तुम्ही बाहेरून आलात म्हणून आम्हाला मिळत नाही, असं एकमेकांना म्हणत होती, आणि दोन्हीकडची बाहेरूनच आलेली होती. भटूदादांच्या कपाळाला खोक पडली. त्या अध्यक्षाबद्दल रांगेत कुणी वाकडा शब्द काढला नाही. तो फार लांब होता. राग काढायला शेजारचा माणूस जवळ होता.

बाटला मिळेना तेव्हा हर्षालीची आई मंगलाबाई गल्लीच्या टोकाला तीन विटा मांडून स्वयंपाक करायला लागल्या. लाकूड कुठून आणणार? मिलच्या मागे कापडाच्या चिंध्या फुकट मिळायच्या, त्या जाळायच्या. ते कापड सुती नसतं. ते वितळतं, टपटपतं, आणि त्याचा काळा धूर घशात बसतो. आठ-दहा दिवसांत मंगलाबाईंना असा खोकला लागला की त्या बोलता बोलता भिंतीला धरायच्या. हर्षालीच्या डब्यातल्या पोळीला त्या धुराचा वास यायचा. वर्गात तिच्या शेजारच्या मुलीने नाक मुरडलं, तेव्हापासून तिने डबा आणणंच बंद केलं.

एप्रिलमध्ये लोक गावी निघाले. उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीला उभं राहायलाही जागा नसे. माझ्या वर्गाच्या हजेरीत रोज दोन-तीन नावांपुढे रेघ पडायची. एका सकाळी हर्षालीने सांगितलं की परवा तेही जाणार. वार्षिक परीक्षा चार दिवसांवर होती.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. दहा बाय बाराची खोली, अर्धं सामान गोणीत भरलेलं. मी म्हणाले, परीक्षा होईपर्यंत हर्षालीला माझ्याकडे ठेवा. भटूदादा खाली मान घालून बसले. वयात आलेली मुलगी दुसऱ्याच्या घरी कशी ठेवायची, हे त्यांना तोंडाने म्हणवत नव्हतं, पण चेहऱ्यावर दिसत होतं. मंगलाबाई खोकत होत्या. खोकला थांबल्यावर त्या नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "हिले तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या, मॅडम. ही तरी शिकी."

हर्षाली आमच्याकडे आली. तिच्या पिशवीत दोन ड्रेस, पुस्तकं आणि आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी होती. ती सहा दिवस आमच्या घरी होती. ते दिवस मला फार स्पष्ट आठवतात. ती पहाटे उठून गॅलरीत पाय पसरून मोठ्याने वाचायची. माझ्या यजमानांना काका म्हणायची. तवा आमच्या गॅसवर ठेवला की क्षणभर त्या निळ्या ज्योतीकडे बघत राहायची, मग माझं लक्ष गेलं की पटकन पीठ मळायला घ्यायची. मी नको म्हटलं तरी पोळ्या तीच करायची. मुलगा हॉस्टेलवर गेल्यापासून आमचं घर मुकं झालं होतं. तिच्या वाचण्याचा आवाज दुपारी बाहेरून आल्यावर जिन्यातच ऐकू यायचा. मराठी आणि गणित असे दोन पेपर झाले. गणिताला जगताप सर पर्यवेक्षक होते. त्यांनी मला हळूच सांगितलं की पोरीने सगळा पेपर सोडवलाय.

पुढच्या पेपरांच्या आधी रविवार आणि त्याला जोडून दोन सुट्ट्या होत्या. शनिवारी संध्याकाळी बातमी आली की युद्ध थांबलं. त्याच अध्यक्षाने सांगितलं होतं, मोबाइलवर दोन ओळी लिहून. गल्लीत फटाके वाजले. मिलचे लोक एकमेकांना फोन करत होते, सोमवारी गॅस येणार, मंगळवारी पाळ्या सुरू होणार. भटूदादांचा गावाहून फोन आला. आवाजात जीव आला होता. ते विचारत होते, खरं का मॅडम?

मी म्हणाले, खरं आहे. या परत.

मग माझ्या मनात आलं की मुलीला आईची आठवण येतेय. रोज फोनवर मंगलाबाईंचा खोकला ऐकून ती गप्प गप्प व्हायची. तीन दिवसांची सुट्टी आहे, जाऊ दे, आई-वडिलांना घेऊनच येईल. हर्षालीच मला म्हणाली होती, "मॅडम, मी इथंच अभ्यास करते. ते आले की येतील." मीच तिला समजावलं. आता सगळं ठीक होणार आहे, एक दिवस आईजवळ राहून ये, सामान आणायला मदत होईल तुझी. रविवारी सकाळी मी स्वतः तिला उधन्याला गाडीत बसवून दिलं. गाडी त्या दिवशी जवळजवळ रिकामी होती. ती खिडकीशी बसली आणि समाजविद्येचं पुस्तक उघडलं.

मंगळवारी पहाटे पुन्हा बॉम्ब पडले. बोलणी फिसकटली, असं कारण सांगितलं गेलं. पुन्हा त्याच मोबाइलवरच्या दोन ओळी. अमेरिकेच्या कायदेमंडळात तेव्हा म्हणे चर्चा चालली होती. कुणी खूप छान बोललंही असेल, टाळ्या पडल्या असतील.

मी दिवसभर भटूदादांना फोन लावत होते. दुपारी लागला. मी म्हणाले, तुम्ही नका येऊ, पण हर्षालीला तेवढी पाठवा, मी उधन्याला उभी राहते, पाच पेपर आहेत फक्त. मागे खोकला ऐकू येत होता, लांबलचक, विहिरीत पोहरा आपटावा तसा. मग ते म्हणाले, "आते काय उपेग, मॅडम? तिनी माय उठत नही. भाकर कोण टाकी?" आई अंथरुणाला खिळली होती, भाकरी टाकायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, एकदा तिच्याशी बोलू द्या. हर्षाली फोनवर आली. मी काय बोलले ते धड आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्टेशनवर येऊ नका. मी नाही येत."

बुधवारी समाजविद्येचा पेपर होता. माझ्याच वर्गात माझं पर्यवेक्षण होतं. चौपन्न नंबर आणि वीसेक मुलं. पंख्याच्या वाऱ्याने रिकाम्या बाकांवरचे मोहोराचे कण इकडून तिकडे सरकत होते. अर्ध्या तासाने गैरहजर नंबर लिहायचा नियम आहे. मी पाऊण तास थांबले. मग तिचा नंबर लाल पेनाने लिहिला.

जूनमध्ये फेरपरीक्षा असते. तेव्हा मी पुन्हा फोन केले, पण नंबर बंद लागत होता. दरम्यान लढाई कशी तरी, कुणालाच न समजता, विझली. कोण जिंकलं ते दोन्हीकडचे आपापलं सांगत होते. गॅस आला. मिल सुरू झाल्या, पण सगळी यंत्रं नाही, आणि जुनी माणसंही नाहीत. ठेकेदारांनी नवी पोरं भरली. भटूदादा दोनदा येऊन गेटवर उभे राहून गेले, असं मला नंतर कळलं. ते शाळेकडे फिरकले नाहीत.

जगताप सर अजूनही मोबाइलवर त्या माणसाच्या सह्या बघतात. आता त्यांना आमच्या कार्यालयातही तशीच पद्धत हवी आहे. मागच्या महिन्यात आमच्या शाळेचे दोन वर्ग बंद करायचा आदेश आला, मुलं कमी झाली म्हणून. कुणाला विचारलं नव्हतं, सभा नव्हती, एक कागद आणि खाली सही. आम्ही सगळ्यांनी तो वाचून घेतल्याच्या सह्या केल्या. मीही केली. पेन हातात होतं तेव्हा मला काही वाटलंसुद्धा नाही, आणि त्याचंच नंतर भय वाटलं. मी मुलांना जे शिकवते ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते एखाद्या जुन्या घरातल्या चांदीच्या भांड्यासारखं झालंय. आहे, जपून ठेवलंय, त्यात कुणी जेवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका लग्नासाठी दोंडाईच्याला गेले होते. तिथून त्यांचं गाव अर्ध्या तासावर. मी न कळवता गेले.

भटूदादा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, गडबडले, घोंगडी अंथरली. नखांचा निळा रंग उतरला होता, हात कुणा परक्याचे वाटत होते. आत मंगलाबाई भिंतीला टेकून होत्या. त्यांनी माझा हात धरला, बोलायला गेल्या आणि खोकला लागला. हर्षाली चुलीपुढे होती. ती शेजारच्या दोन घरांच्याही भाकरी करून देत होती. तिने एक वेणी घातली होती आणि आईची साडी नेसली होती, त्यामुळे ती मला आधी ओळखूच आली नाही. तिने मला चहा दिला, काका कसे आहेत विचारलं. परीक्षेचं काही विचारलं नाही.

मी ठरवून गेले होते की तिची माफी मागायची. तुला मी पाठवायला नको होतं, एवढंच म्हणायचं. पण तिच्या आई-वडिलांसमोर ते शब्द निघाले नाहीत. मग ती मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत कापूस फुटलेला होता, ऊन कलतं होतं. मी म्हणाले, हर्षाली, माझं चुकलं. ती चालता चालताच म्हणाली, "तुम्हाला खरं वाटलं होतं ना, मॅडम. आम्हालाही वाटलं होतं."

मी घाईघाईने सतरा नंबरच्या फॉर्मचं बोलले. दहावी बाहेरून देता येते, पुस्तकं मी पाठवीन, फॉर्म मी भरीन. ती प्रत्येक वाक्याला हो मॅडम, हो मॅडम म्हणत होती. वर्गात मी तिला पुस्तकातलंच लिही म्हणाले होते, तेव्हाही अशीच म्हणाली होती.

एस.टी. आली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता, गाडी सुटायला वेळ होता. हर्षाली खाली उभी होती. मग तिने उन्हाकडे पाहिलं, वेळेचा अंदाज घेतला आणि म्हणाली की आईला औषध द्यायचंय. गाडी सुटायच्या आधीच ती वळली आणि भराभर चालायला लागली. मी निरोपाला वर केलेला हात तसाच खाली घेतला.

नंतर दोनदा पुस्तकं पाठवली. पोचली का, ते विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.